दुसरी वेलांटी

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. घरात, गल्लीत, वर्गात सगळे तिला 'ठराव' म्हणत. सहा वर्षांची असताना ती भरल्या ताटावरून उठून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "ज्याने स्वयंपाक केला त्याने भांडी घासायची नाहीत, असा ठराव मी मांडते." बाबांनी हसत हसत "अनुमोदन" म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की स्वयंपाक तर आत्याने केलाय, ठराव मांडणारीचा हात अजून नळाला पुरत नाही, मग उरलं कोण? घासणी त्या दिवशी त्यांच्या हातात आली ती आजतागायत सुटली नव्हती.

आता ठराव पंधरा वर्षांची होती. घर तिला पुरेनासं झालं होतं. दूरदेशीचा कुठला राजा कोणत्या दिवशी पळाला, कुठल्या गिरणीतल्या बायकांनी कोणत्या साली यंत्रं थांबवली, कोणाला मत कधी मिळालं, सगळं तिच्या जिभेवर नाचत असे. वर्गात इतिहासाच्या बाई "राजाने तलाव बांधला" एवढं वाचेपर्यंत मागच्या बाकावरून हात वर येई.

"बाई, एकट्याने?"

"खाली बस."

"गाळ कोणी उपसला ते तरी दिलंय का?"

बाई चष्मा काढून पुसत. त्यांना राग आला की त्या चष्मा पुसत, आणि हसू आलं तरी चष्माच पुसत, त्यामुळे वर्गाला नेमकं काय ते कधी कळत नसे.

घरात माणसं तीन. पहिले बाबा, कुलूप-किल्लीवाले. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी होती आणि अख्ख्या गल्लीची गुपितं त्यांच्या खिळ्याला लटकलेली होती. दुसरी आत्या, बाबांची थोरली बहीण. ठराव तीन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि आत्या चार दिवसांसाठी म्हणून जी पिशवी घेऊन आली ती पिशवी मग परत भरलीच गेली नाही. आत्या मोठ्या धुलाईघरात इस्त्रीच्या खात्यात होती. शहरातल्या दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या चादरी तिथे मळून यायच्या आणि पाटीसारख्या कोऱ्या होऊन जायच्या. एकतीस वर्षं आत्याने त्या चादरींच्या सुरकुत्या सरळ केल्या होत्या. तिसरी ठराव.

त्या शनिवारी दोन गोष्टी एकदम होणार होत्या. धुलाईघराला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, आणि आत्याच्या कामाचा तो शेवटचा दिवस होता. दाराशी मोठा फलक लागणार होता: 'पन्नास वर्षांची वाटचाल'. मजकूर जवळच्या शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्यावा असं तिथल्या साहेबांना सुचलं. बारा वाक्यं हवी होती. चाळीस मुलांनी लिहिली, आणि बाईंनी चष्मा पुसून ठरावचा कागद बाजूला काढला.

ठरावचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. सोमवारी संध्याकाळी ताटं मांडायच्या आधी तिने कागद उलगडला आणि घसा साफ केला. बाबा भिंतीला टेकून बसले. आत्या दाराजवळ चादरीच्या घड्या घालत होती. बाहेर चादरी, घरातही चादरी, तिच्या हातांना दुसरं काही सुचतच नसे.

सहा वाक्यं झाली. बाबा मान डोलवत होते. सातवं आलं.

"याच वर्षी महिला कामगारांना बसून काम करण्यासाठी बाके देण्यात आली."

आत्याचे हात थांबले.

"कोणी दिली?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, कंपनीने. त्यांनी शाळेत पाठवलेल्या अहवालात आहे छापलेलं. पुराव्याशिवाय एक अक्षर नाही लिहिलं मी."

"बरं," आत्या म्हणाली.

आता आत्याची बरी अनेक होती. भाजी चांगली जमली की एक बरं. शेजारीण फार बोलली की एक लांबट बरं. पण हे बरं वेगळंच होतं. ते नीट घडी घालून, कडा जुळवून, वरून हात फिरवून कपाटात ठेवून दिलेलं बरं होतं. त्यानंतर आत्या जेवली, ताट उचललं, दिवे मालवले, आणि या सगळ्यात ठरावशी एक शब्द बोलली नाही.

"बाबा, मी काय चुकले?" ठरावने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी आली तरी माझ्यासमोर ती कपाट उघडत नाही."

"तुम्ही तर कुलूपवाले."

"लोखंडी कुलपांचा. या कुलपाला भोकच दिसत नाही, किल्ली कुठे घालू?"

सकाळी आत्या ठरावच्या गणवेशावर इस्त्री फिरवत होती. ठराव समोर येऊन उभी राहिली. मोठमोठ्या सभांत भाषण करायची हौस असलेली मुलगी, पण आता इस्त्रीच्या वायरशी चाळा करत होती.

"आत्या, बाकं कशी आली?"

"लिहिलंयस की तू."

"मी अहवालातलं लिहिलं. तू सांग ना. आजवर कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तुला त्या लांबच्या देशातल्या गिरणीच्या बायका माहीत. त्यांचं जेवण काय होतं तेही माहीत." आत्याने बाही उलटली. "आणि सांगण्यासारखं काय आहे त्यात? उभं राहून पाय सुजायचे. खाली बसलो. झालं."

"झालं कसं? सगळं सांग."

इस्त्रीतून वाफ सुटली. आत्या थोडा वेळ बाहीशीच बोलल्यासारखी बोलली, मग हळूहळू तिचा सूर लागला.

त्या काळी इस्त्रीच्या खात्यात बसायला काही नव्हतं आणि बसायची परवानगीही नव्हती. भिंतीवर लिहिलेलंच होतं: काम उभ्याने करावे. नऊ तास उभ्याने. मुकादम होता, त्याला बायका 'शिट्टी' म्हणत, कारण त्याच्या गळ्यात शिट्टी असे आणि कोणी जरा टेकली की ती वाजे. बायका बावीस. त्यातली एक उंच, तिचं नाव 'लांबी'. तिचे घोटे इतके फुगायचे की संध्याकाळी चपलेत पाय जाईना. चपला हातात घेऊन घरी जायची. साहेबांना सांगितलं, अर्ज दिला, दुसरा दिला. अर्ज बसले टेबलावर आणि बायका उभ्या.

"मग एक दिवस अकराच्या सुमाराला बसलो खाली. फरशीवर. काम थांबवलं नाही हं. चादरी खाली ओढल्या आणि बसून घड्या घातल्या. शिट्टी वाजवून वाजवून तो लालबुंद झाला, आणि आम्ही काही उठलो नाही. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत."

"किती दिवस?"

"कोण मोजतंय? बाकं येईपर्यंत. आणि घड्या रोजच्यापेक्षा जास्त निघत होत्या, त्याला तो काय करणार? गाणंसुद्धा केलं होतं लांबीने."

"गाणं? म्हण ना."

"आता सकाळी सकाळी?" म्हणता म्हणता आत्याच्या हाताने ठेका धरलाच होता. गणवेशाच्या कॉलरवर इस्त्री पुढे-मागे, आणि वर तिचा जाडसर, बेताचा आवाज:

*पाय म्हणाले पायांना, किती गं उभं राहू,*
*खाली आहे फरशी, तिला विचारून पाहू.*

*फरशी म्हणाली बसा की, त्यात काय गं बाई,*
*रोज पुसतात मला, पण असं कुणी पुसलं नाही.*

ठराव खळखळून हसली, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं. एकाच घरात बारा वर्षं, एकाच ताटातली चव, आणि तिने ही फरशी कधी पुसली नव्हती.

"आत्या, मी बदलते ते वाक्य."

"जाऊ दे गं. शनिवारी मी तिथून बाहेर पडणार. जाता जाता दारावर काय लिहिलंय ते कोण वाचतंय?" आत्याने गणवेश तिच्या हातात दिला. पण देताना तिचा हात गणवेशावर जरा जास्त वेळ राहिला, आणि ठरावला कळलं, की आत्या वाचणार होती. एक एक अक्षर बोटाने वाचणार होती.

मधल्या सुट्टीत तिने इतिहासाच्या बाईंना गाठलं. सगळं एका दमात सांगितलं, गाण्यासकट. बाईंनी चष्मा पुसला.

"छान आहे. पुरावा?"

"आत्या."

"आत्या साक्षीदार आहे, मान्य. पण आत्या तुझी आहे. उद्या तू न्यायाधीश झालीस आणि आरोपीच्या चुलत्याने सांगितलं की माझा पुतण्या बघा किती भला माणूस आहे, सोडशील?"

"गाणं आहे की."

"गाणं मला आवडलं. फलकावर मंजुरी देणाऱ्यांना आवडेल असं नाही." बाई खुर्ची पुढे ओढून घेत म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या बाजूच्या माणसाने तुझ्याबद्दल चांगलं लिहिलं तर त्याला फारसं वजन नसतं. तुझ्या विरोधातल्या माणसाने तुझी तक्रार लिहून ठेवली असेल, तर तो सोन्याचा तुकडा. तुमच्या त्या शिट्टीने काही लिहून ठेवलंय का, ते शोध. आणि लवकर शोध. पेंटर उद्या सकाळपासून बसतोय."

"बसतोय?"

"शिडीवर उभा राहतोय म्हण हवं तर. पळ आता, घंटा झाली."

मंगळवारी साहेब जागेवर भेटले नाहीत. बुधवारी शाळा सुटल्याबरोबर ठराव पुन्हा धुलाईघराच्या दारात. आत शिरायच्या आधीच तिला थांबावं लागलं. फलक दाराशेजारी भिंतीला लावलेला, पांढरा शुभ्र. निळ्या रंगात सहा वाक्यं पुरी झाली होती आणि सातव्याची सुरुवात. 'याच वर्षी महिला कामगारांना'. एवढ्यावर पेंटर शिडीवरून उतरून कट्ट्यावर चहा पीत होता.

"पेंटरकाका, थांबा."

"थांबलोच आहे की. बशीत चहा आहे."

"पुढचं लिहू नका. चूक आहे."

पेंटरने कागद पाहिला, फलक पाहिला. "माझी एक मात्रा चुकलेली नाही. चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय."

"तुमची नाही. माझी."

"मग साहेबांना सांग. आणि चहा संपायच्या आत सांग. चहा संपला की माझा हात थांबत नाही."

साहेब वयाने तरुण होते आणि आवाजाने आणखी तरुण. येऊन दोनच वर्षं झाली होती. त्यांनी ठरावचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि मोठ्या माणसांनी लहानांचं ऐकून झाल्यावर जो एक श्वास सोडायचा असतो तो सोडला.

"मजकूर मंजूर झालाय. आणि 'देण्यात आली' हे काही खोटं नाही ना? आली तर खरीच."

"साहेब, यात देणारा कुठाय? 'देण्यात आली' म्हटलं की वाटतं, बाकं ढगातून पडली."

साहेबांना हसू आलं. ते त्यांनी कागदांखाली दडपलं. "तुझ्याकडे काही लेखी आहे का?"

"इथेच असेल. मुकादमाची जुनी नोंदवही."

"जुनं सगळं त्या लोखंडी कपाटात. त्याची किल्ली माझ्या आधीच्यांच्या आधीच्या साहेबांनी हरवली. कोणी कधी उघडलेलं नाही."

ठरावच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मराठीत 'हर्षवायू' म्हणतात. "फक्त दहा मिनिटं," ती म्हणाली, आणि चौकाकडे धावत सुटली.

बाबा आले ते गळ्यात पिशवी अडकवून, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून. कपाटासमोर मांडी घातली, कुलपाला कान लावला, तार आत सारली. कान लावल्यावर बाबांचा चेहरा नेहमी दूरचं गाणं ऐकल्यासारखा होई.

"काय म्हणतंय?" साहेबांनी वाकून विचारलं.

"म्हणतंय, इतक्या वर्षांत कोणी तेलाचा थेंब दिला नाही, आता गरज पडली तर आले. रुसलंय. जरा समजूत काढायला हवी."

तेल घातलं. समजूत निघाली. कट्ट असा आवाज झाला आणि कपाटाने धूळ सोडत तोंड उघडलं. आत फुटके हँगर, बिनशाईचे शिक्के, एक एकटा बूट, आणि तळाशी नोंदवह्यांची चवड. ठरावने साल शोधलं. पानं कडक झाली होती. मुकादमाचं अक्षर मात्र टपोरं, रेघेवर ताठ उभं.

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"दिवस पहिला. सर्व महिला कामगार फरशीवर बसून काम करीत होत्या. शिट्टी वाजवली. उठल्या नाहीत."

साहेबांनी खुर्ची जवळ घेतली.

"दिवस दुसरा. बसल्या. शिट्टी वाजवली. दिवस तिसरा. बसल्या. शिट्टीतील मणी पडला. दिवस पाचवा. बसल्या. गाणे म्हणत होत्या. गाण्यात माझे नाव नाही, याची खात्री करून घेतली."

बाबांनी तोंडात रुमाल कोंबला.

"दिवस आठवा. बसल्या. चादरींच्या घड्या नेहमीपेक्षा अधिक झाल्या. हे वर कळवावे किंवा कसे, ते समजत नाही. दिवस अकरावा. बसल्या." ठराव थांबली. पान डोळ्यांजवळ नेलं. "बसल्या. आज मीही थोडा बसलो."

साहेबांनी आता हसू दडपायचं सोडून दिलं. ते हसले तसे दारातून दोन बायका डोकावल्या. मग चार. इस्त्रीच्या खात्यात बातमी वाफेसारखी गेली, आणि बघता बघता दारात बायकांची दाटी झाली. सगळ्यात मागे आत्या होती, हात पदराला पुसत.

"वाच की पुढे," कोणीतरी म्हणालं.

"दिवस एकोणिसावा. बसल्या. फरशीवर बसलेल्यांशी बोलताना मला सारखे वाकावे लागते. कंबर धरली आहे. बाकांची तातडीने व्यवस्था व्हावी, ही विनंती. दिवस चोविसावा. बाके आली. बसल्या."

सगळं धुलाईघर हसलं. यंत्रांचा आवाजही त्यात बुडाला. आत्या हसत नव्हती. ती त्या वहीकडे बघत होती. तिच्या आयुष्यातले चोवीस दिवस कोणीतरी, तेही शिट्टीने, एकही न गाळता लिहून ठेवले होते.

ठरावने वही साहेबांपुढे धरली. "हा घ्या पुरावा. आणि हे काही आमच्या आत्याने लिहिलेलं नाही."

साहेबांनी डोळे पुसले, वही उलटीसुलटी करून पाहिली, आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा साहेबाचा झाला. "ते ठीक आहे. पण मंजूर मजकूर बदलायचा तर पुन्हा वर पाठवावा लागेल. बैठक पुढच्या महिन्यात. फलक शनिवारी."

दारातला हशा विरला. ठराव काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पेंटर रिकामी बशी हातात घेऊन आत आला.

"चहा संपला," त्याने सांगितलं. "मी 'कामगारांना'पाशी आहे. पुढे जाऊ का?"

ठरावने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून फलकाकडे. 'कामगारांना'. ना. तिच्या डोक्यात काहीतरी लखलखलं.

"पेंटरकाका, त्या 'ना'चं 'नी' करायला किती वेळ?"

"काना तयारच आहे. वरून दुसरी वेलांटी फिरवली की झालं. एक फराटा."

"खोडावं लागेल?"

"काहीही नाही. उलट आधीच्यापेक्षा शोभेल."

ठराव साहेबांकडे वळली. "साहेब, वेलांटी शुद्धलेखनात येते ना?"

"येते."

"शुद्धलेखनाच्या दुरुस्तीला बैठक लागते?"

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना समोर खड्डा दिसत होता आणि त्यात पडायची मजाही दिसत होती. "नाही," ते हळूहळू म्हणाले. "शुद्धलेखन माझ्या अखत्यारीत आहे."

"मग 'कामगारांना'चं 'कामगारांनी' झालं, तर पुढचं 'देण्यात आली' बसतं का? 'महिला कामगारांनी बाके देण्यात आली.' कसं वाटतं?"

"बाई गं," दारातली एक म्हणाली, "कानाला टोचतं."

"कर्ता बदलला तर क्रियापद बदलावंच लागतं," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदीच शाळेतल्या मुलासारखा झाला होता. "ते व्याकरण झालं. व्याकरणाला मी काय करणार?" त्यांनी खिशातून पेन काढलं. "सांग वाक्य."

ठरावने वाक्य सांगितलं नाही. ती दारातल्या गर्दीत घुसली, आत्याचा हात धरून तिला पुढे घेऊन आली. "तू सांग."

"मी?" आत्या मागे सरली. "मला लिहिण्यातलं काय कळतं?"

"लिहू नकोस. मला इस्त्री करताना सांगितलंस तसं सांग."

आत्याने एकवार साहेबांकडे पाहिलं, एकवार भावाकडे. तो आपला कुलपात तेल सोडत होता, पण त्याचे कान इकडेच होते. ती म्हणाली, "आधी बसून घेतलं. मग बाकं आली."

पेंटर शिडीवर चढला. बायका अंगणात जमल्या, साहेबही बाहेर आले. 'ना'च्या कान्यावर ब्रश टेकला, वर गेला, डावीकडे ऐटीत वळला आणि खाली उतरला. एवढ्याशा निळ्या वळणाने ज्यांना मिळालं होतं त्यांनी मिळवलं. पुढची अक्षरं मग भराभर आली: 'याच वर्षी महिला कामगारांनी आधी बसून घेतले, मग बाके आली.'

"जागा उरली," पेंटर वरून म्हणाला. "एक वेलबुट्टी काढू?"

"काढा," साहेब म्हणाले. "तीही शुद्धलेखनातच धरू."

शनिवारी कार्यक्रम झाला. भाषणं झाली, ती भाषणांसारखीच झाली. वरच्या मंडळींपैकी एकाने सातवं वाक्य वाचलं, भुवया उचलल्या, साहेबांनी त्यांच्या हातात नोंदवही ठेवली, आणि ते गृहस्थ उरलेला कार्यक्रमभर पहिल्या रांगेत बसून, खांदे गदगदवत ती वाचत राहिले. मुख्य पाहुण्यांच्या भाषणाला त्यांनी दोनदा भलत्याच जागी टाळ्या वाजवल्या.

जुन्या बावीसांतल्या नऊजणी आल्या होत्या. लांबी आली होती, काठी घेऊन, अजूनही सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. सगळ्या फलकापुढे जमल्या. आत्या पुढे झाली, आणि बोट ठेवून सातवं वाक्य वाचू लागली. 'नी'पाशी बोट जरा थांबलं. मग टोकापर्यंत गेलं.

"बरोबर आहे?" ठरावने विचारलं.

"अक्षर चांगलं आहे," आत्या म्हणाली. आणि मग ठरावच्या डोक्यावर हात ठेवून, केस विसकटून, "वाक्यही."

ठरावला वाटलं, आपण आत्ता एखादा देश स्वतंत्र केलाय. ती नऊजणींकडे वळली आणि अभिमानाने म्हणाली, "आणि सगळ्यात आधी आमची आत्या बसली होती."

"ही?" लांबी म्हणाली. "आधी मी बसले. घोटे माझे सुजले होते."

"तू बसली नव्हतीस, पडली होतीस," दुसरी म्हणाली. "बसले मी. तुला धरायला."

"अगं, मी तर त्याच्या आधीच चादर अंथरून—"

"ती चादर माझी होती."

एकच गलका उठला. नऊ बायका, नऊ इतिहास, आणि प्रत्येकीची पहिली जागा पक्की. साहेब बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते, बाबा त्यांच्या कानात म्हणाले, "शिट्टी हवी होती आत्ता."

आत्या त्या भांडणात नव्हती. ती ठरावला बाजूला घेऊन गेली, आणि दोघी एका बाकावर टेकल्या.

"मी सातवी बसले," आत्या म्हणाली.

"सातवी?"

"सहाजणी बसल्या तरी माझे गुडघे वाकेनात. नोकरी गेली तर काय, असं वाटत होतं. इस्त्री हातात, समोर शिट्टी. खाली त्या सहाजणी, वर मी. मग लांबीने खालून माझा पदर ओढला." आत्याने आपल्या पावलांकडे पाहिलं. "तू मला पहिली करू नकोस. माझ्यासारख्या सातव्याही असतात."

ठरावने खिशातून फलकाचा कागद काढला आणि त्याची कोरी बाजू वर केली. फलकापाशी अजून पहिल्या जागेवरून जुंपलेलीच होती, आणि लांबी काठी आपटून आपली बाजू मांडत होती.

"ते लिहून ठेवू?" ठरावने विचारलं.

"ठेव. सातवी, असं लिही." आत्या उठली, तिने पदर सारखा केला. "आणि आठवी कोण ते त्या सांगतील, थांब. ए लांबी, भांडायचं नंतर. पोरगी विचारतेय, इकडे या सगळ्या. आणि उभ्या काय राहिलात, बसून सांगा."